तळे कोणाचे?
सामायिक पाण्याचा हिशेब घराघरांतून

मालवणजवळच्या समुद्रात उभ्या असलेल्या सिंधुदुर्ग किल्ल्यात गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत : दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव. चारी बाजूंनी खारे पाणी आणि मधोमध पिण्याजोगे गोडे पाणी. १६६४ ते १६६७ या काळात हा किल्ला बांधला गेला आणि या विहिरींमुळेच तिथे माणसे राहू शकली. बाव म्हणजे विहीर. आमच्या मिठबावच्या नावातही तीच बाव ऐकू येते. समुद्राकाठच्या गावाला गोड्या पाण्याचे मोल वेगळे सांगावे लागत नाही, असे पूर्वी म्हणता येत असे. आता मात्र ते सांगावे लागते आहे.

सिंधुदुर्ग जिल्ह्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तरीही एप्रिल उजाडला की कितीतरी वाड्यांत कळशा रांगेला लागतात. कारण सोपे आहे. आपली जमीन जांभ्या कातळाची, उतार तीव्र आणि समुद्र जवळ. पडलेले पाणी व्हाळावाटे पाहता पाहता खाडीला मिळते. म्हणून आपल्या पूर्वजांनी डोंगराच्या घडीत बांध घातले, तळी खोदली, विहिरी बांधल्या आणि त्या सर्वांच्या सांभाळासाठी रीतीभाती ठरवल्या. घरोघरी नळ आल्यावर त्या रीती सुटल्या. तळे मात्र तिथेच आहे. त्याच्या काठी नवी घरे उभी राहत आहेत, कोणाचा पंप त्यात उतरला आहे, कोणाच्या मोरीचे पाणी त्यात जाते आहे. असे तळे चालवायचे कोणी आणि कसे, हा प्रश्न आज कोकणातल्या बहुतेक वाड्यांपुढे आहे.

धामापूरची परडी

याचे सर्वांत जुने उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे. मालवण तालुक्यातले धामापूरचे तळे १५३० साली बांधले गेले. विजयनगरच्या राज्याचे मांडलिक नागेश देसाई यांनी गावकऱ्यांच्या साहाय्याने ते बांधले असे सांगतात. दोन डोंगरांच्या मध्ये मातीचा बांध, काठावर भगवतीचे मंदिर आणि भोवताली दाट झाडी. २०२० साली आंतरराष्ट्रीय सिंचन व जलनिस्सारण आयोगाने या तळ्याला जागतिक वारसा सिंचन स्थळाचा मान दिला. त्या वर्षी भारतातील चार स्थळांना हा मान मिळाला. त्यांपैकी तीन आंध्र प्रदेशातील आणि चौथे आपले धामापूर. जवळजवळ पाचशे वर्षे एक मातीचा बांध पाणी धरून उभा आहे. मालवण शहराच्या नळालाही याच तळ्याने पाणी पुरवले आहे.

पाचशे वर्षे तळे टिकते ते केवळ बांधाच्या बळावर टिकत नाही. वरच्या डोंगरावरचे जंगल टिकले म्हणून माती वाहून आली नाही. माती आली नाही म्हणून तळे गाळाने भरले नाही. बांध, सांडवा, झाडी आणि खालचे मळे ही एकच व्यवस्था आहे. त्यातला एक भाग बिघडला की उरलेले भाग आपोआप बिघडतात.

या तळ्याची एक दंतकथा मालवणी मुलखात घरोघरी ठाऊक आहे. गावात कोणाचे लग्न निघाले आणि घरी दागिने नसले, तर फुलांचे दागिने करून ते परडीत ठेवायचे आणि परडी तळ्यात सोडायची. सकाळी परडीत सोन्याचे दागिने मिळत. कार्य उरकले की ते परत करायचे. एकदा कोणीतरी ते परत केले नाहीत. तेव्हापासून परडी रिकामीच राहू लागली.

ही लोककथा आहे, श्रद्धेचा प्रश्न इथे नाही. पण कथा रचणाऱ्या माणसाला सामायिक मालमत्तेचा सारा कायदा ठाऊक होता. गरज असेल त्याने घ्यावे. गरजेपुरते घ्यावे. काम झाले की परत करावे. आणि एकाने शब्द मोडला तर नुकसान त्या एकाचे होत नाही, पिढ्यान्‌पिढ्या सगळ्या गावाचे होते.

महाडचा निकाल

दुसरे उत्तर रायगड जिल्ह्यातल्या महाडचे आहे. तिथल्या चवदार तळ्याचे नाव सर्वांना माहीत असते. पण तो खटला नेमका कशाचा होता, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

१९२३ साली सी. के. बोले यांच्या ठरावानुसार मुंबई कायदे कौन्सिलने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत असे ठरवले. १९२४ साली महाड नगरपालिकेने आपले तळे खुले असल्याचा ठराव केला. कागदावर ठराव झाला, तळ्याला हात लावण्याची हिंमत मात्र कोणाला होईना. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. त्यानंतर परिषदेला आलेल्यांवर हल्ले झाले. त्या दिवशी काही जणांना महाडच्या मुसलमानांच्या घरांत आसरा मिळाला. पुढे डिसेंबरमधल्या परिषदेसाठी मंडपाला जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी आपली जमीन दिली. आपल्या मुलांना हा इतिहास सांगितला पाहिजे.

त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला आणि डिसेंबरात दावा दाखल झाला. दावा करणाऱ्यांचे म्हणणे काय होते? तळे चार-पाच एकरांचे. भोवती नगरपालिकेचा रस्ता आणि रस्त्यापलीकडे घरे. काठावरच्या जमिनीच्या पट्ट्या, घाट आणि पायऱ्या अनेक ठिकाणी त्या घरवाल्यांच्या मालकीच्या. म्हणून तळेही आमचे, खासगी आहे, आणि त्यात कोणी यावे ते आम्ही ठरवू. काठावर राहतो म्हणून पाण्याचे मालक आम्ही, असा तो युक्तिवाद होता.

हा दावा खालच्या न्यायालयांतून मुंबई उच्च न्यायालयात गेला. १७ मार्च १९३७ रोजी न्यायमूर्ती ब्रूमफील्ड आणि न्यायमूर्ती वाडिया यांनी निकाल दिला. तळे काठच्या घरवाल्यांचे नाही आणि अस्पृश्यांना वगळण्याची अनादी काळापासूनची रूढीही सिद्ध होत नाही, असे ठरले. ओंजळभर पाण्याचा निकाल लागायला दहा वर्षांना तीन दिवस कमी लागले.

निकालात आणखी एक नोंद आहे. त्या तळ्याचे पाणी आधीपासून सवर्ण हिंदूंबरोबर काही मुसलमानही वापरत होते. म्हणजे आपण त्या वेळी पायरीच्या आतल्या बाजूला होतो. आतल्या बाजूला असणाऱ्या माणसाची जबाबदारी जास्त असते. आज आपल्या वाडीच्या विहिरीवर मजुरीसाठी परजिल्ह्यातून आलेले कुटुंब कळशी घेऊन येते, तेव्हा आपण त्याच्याशी कसे वागतो, यावर आपली परीक्षा आहे. १९५० साली लागू झालेल्या भारतीय राज्यघटनेच्या पंधराव्या कलमात विहिरी, तळी आणि स्नानाचे घाट यांचा नावानिशी उल्लेख आहे. सरकारी पैशातून राखल्या जाणाऱ्या किंवा लोकांसाठी खुल्या केलेल्या पाणवठ्यावर धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांमुळे कोणालाही अडवता येत नाही.

दीनने घालून दिलेली शिस्त

पाण्याच्या वाटपाबाबत इस्लामी कायद्याने फार बारकाईने विचार केला आहे, आणि तो वाळवंटात झाला आहे, हे लक्षात घेण्याजोगे आहे. पाणी, चारा आणि विस्तव यांत सर्वांचा वाटा असतो, या आशयाची हदीस अबू दाऊद यांच्या संग्रहात आहे. आपली गरज भागल्यावर उरलेले पाणी अडवून ठेवण्यास पैगंबर मुहम्मद (सल्ल.) यांनी मनाई केली. मदीनेतील महजूर नावाच्या ओढ्याबाबत त्यांनी असा निवाडा दिला की, वरच्या शेतकऱ्याने घोट्यापर्यंत पाणी भरू द्यावे आणि मग ते खालच्यासाठी सोडावे. वरच्याला पहिला मान मिळाला, पण त्याला माप घालून दिले.

साचलेल्या पाण्यात लघवी करू नये आणि मग त्याच पाण्यात अंघोळ करू नये, ही ताकीद बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आढळते. वाहत्या नदीकाठी वुजू करतानाही पाणी वाया घालवू नये, अशी शिकवण आहे. विहीर खोदणाऱ्याला तिच्याभोवती चाळीस हातांचा मोकळा पट्टा मिळावा, असेही सांगितले आहे. त्याला फिक्हमध्ये ‘हरीम’ म्हणतात. या पट्ट्यात दुसऱ्याने विहीर खोदून पहिल्या विहिरीचे पाणी ओढू नये. आजच्या बोअरवेलच्या भांडणात हा नियम किती उपयोगी आहे, हे ज्याच्या विहिरीचे पाणी शेजारच्या बोअरने आटले त्याला विचारावे.

मदीनेत रूमा नावाची विहीर होती आणि तिचे पाणी विकत घ्यावे लागे. हजरत उस्मान (रजि.) यांनी ती स्वतःच्या पैशाने विकत घेतली आणि सर्वांसाठी वक्फ केली. सदका-ए-जारिया म्हटले की आपल्याला नवी बोअर मारणे, पाण्याची टाकी बांधून तिच्यावर नाव घालणे आठवते. जुन्या तळ्याचा गाळ काढणे, ढासळलेली पायरी बसवणे हेही तितकेच पुण्याचे काम आहे. त्यावर नाव कोरता येत नाही, एवढाच फरक.

मस्कतला पाहिलेले कालवे

आपल्यापैकी अनेक घरांतली माणसे ओमानमध्ये नोकरीला आहेत किंवा होती. त्यांनी तिथे डोंगरातून वाडीत उतरणारे ‘फलज’ पाहिले असतील. असे सुमारे तीन हजार कालवे अजून वाहते आहेत. २००६ साली युनेस्कोने त्यांतील पाचांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. या कालव्याचे पाणी वस्तीत शिरते तिथे आधी पिण्यासाठी घेतात, मग वुजू आणि धुण्याला, आणि शेवटी खजुराच्या बागांना. बागांचा वाटा वेळेत मोजतात. दिवसा सावलीच्या घड्याळावर आणि रात्री ताऱ्यांवरून पाळी ठरे. देखरेखीला वकील असतो, पाळीचा जाणकार असतो. पाण्याचा काही भाग लिलावात देऊन त्या पैशातून डागडुजी होते. दुरुस्तीसाठी दर वेळी सरकारकडे हात पसरावा लागत नाही.

स्पेनमधील वलेन्सिया शहरात दर गुरुवारी दुपारी बाराला पाण्याचे न्यायालय भरते. आठ कालव्यांचे आठ निवडून दिलेले शेतकरी कॅथेड्रलच्या दाराशी बसतात, तक्रार तोंडी ऐकतात आणि तिथल्या तिथे निकाल देतात. या व्यवस्थेची मुळे अंदलुसच्या मुस्लिम काळापर्यंत जातात. एलिनॉर ऑस्ट्रॉम या अमेरिकन विदुषींनी अशा व्यवस्थांचा अभ्यास केला आणि त्यांना २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. सामायिक मालमत्ता सरकारने ताब्यात घेतली किंवा खासगी केली तरच टिकते, हा समज त्यांनी खोडून काढला. हद्द स्पष्ट असेल, नियम वापरणाऱ्यांनी स्वतः केलेले असतील, लक्ष ठेवणारा त्यांच्यातलाच असेल आणि शिक्षा आधी सौम्य, मग कडक असेल, तर माणसे शतकानुशतके पाणी सांभाळतात, हे त्यांनी दाखवून दिले.

सातवीच्या वर्गातले गणित

मी शाळेत मुलांना एक गणित घालते. वाडीत ४० घरे, दर घरी ५ माणसे. सरकारी योजनेत माणशी रोज ५५ लिटर पाणी धरतात. मग वाडीला रोज किती पाणी लागेल? उत्तर ११,००० लिटर. आता तासाला १०,००० लिटर उपसणारा एक पंप एका बागायतदाराने रोज चार तास चालवला तर? ४०,००० लिटर. म्हणजे सगळ्या वाडीचे साडेतीन दिवसांहून अधिक काळचे पाणी एका दिवसात एका बागेत गेले. मुले गप्प होतात.

दुसरे गणित गाळाचे. एक एकराच्या तळ्यात एक फूट गाळ साचला, तर सुमारे १२ लाख लिटर पाण्याची जागा गेली. त्याच वाडीला ते पाणी ११० दिवस पुरले असते. जानेवारीच्या अखेरीपासून मेच्या मध्यापर्यंतचे दिवस मोजून पाहावेत.

तिसरी गोष्ट किनाऱ्यालगतच्या विहिरींची. जमिनीखाली गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. शास्त्राचा ढोबळ नियम असा की, गोड्या पाण्याची पातळी एक मीटरने खाली गेली, तर खालचे खारे पाणी कालांतराने चाळीस मीटरपर्यंत वर सरकू शकते. बेसुमार उपसा केला की शेजाऱ्याचीही विहीर मचूळ होते. एकदा मचूळ झालेली विहीर पुन्हा गोडी व्हायला अनेक पावसाळे जातात.

वाडीत बसून काय ठरवावे

सर्वांत आधी तळ्याची हद्द. तलाठ्याकडून सातबारा आणि गावनकाशा काढावा आणि तळे कोणाच्या नावावर आहे ते पाहावे. मुंबईला आणि परदेशात राहणाऱ्यांच्या जमिनी विकल्या जात आहेत. नवा मालक कुंपण घालताना पाण्यापर्यंत येतो आणि मग पायवाट बंद होते. जमीन विकतानाच पाण्याची वाट कागदावर लिहून घ्यावी. सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली हिंचलाल तिवारी खटल्यात आणि २०११ साली जगपालसिंग खटल्यात गावतळी व सामायिक जमिनी वाचवण्याच्या बाजूने स्पष्ट निकाल दिले आहेत. ग्रामसभेत हे निकाल नाव घेऊन सांगता येतात.

त्यानंतर बांध. मातीच्या बांधावर मोठी झाडे वाढू देऊ नयेत, मुळांवाटे आणि वाळवीच्या पोकळ्यांवाटे पाणी झिरपते. पावसापूर्वी सांडवा साफ करावा. पाणी जास्त साठावे म्हणून सांडव्यावर वाळूच्या गोणी रचण्याचा मोह होतो, तो टाळावा. अतिवृष्टीत पाणी बांधावरून गेले की मातीचा बांध टिकत नाही आणि खालची घरे धोक्यात येतात.

सांडपाण्याबाबत आपण डोळे उघडले पाहिजेत. शौचखड्डा पाणवठ्यापासून किमान १५ मीटर दूर असावा असे सांगतात. जांभ्याच्या भेगांतून पाणी झपाट्याने सरकते, म्हणून आपल्याकडे हे अंतर जितके वाढवता येईल तितके बरे. मोरीच्या पाण्याला शोषखड्डा आणि भोवती केळी, अळू लावावे. साबणाचे आणि खताचे पाणी तळ्यात गेले की शेवाळ आणि जलपर्णी माजते.

एक विषय थोडा नाजूक आहे. मूर्तीचे विसर्जन असो की ताबूत थंडे करणे असो, पिण्याच्या पाण्याचे तळे त्यासाठी वापरू नये, आणि नियम सगळ्यांना एकच असावा. आपल्या घरांत कुरआन शरीफची जीर्ण पाने अदबीने विहिरीत किंवा तळ्यात सोडण्याची पद्धत आहे. भावना आदराची आहे, पण छापील कागदाची शाई आणि लगदा पाण्यात राहतो. स्वच्छ कापडात गुंडाळून, पायदळी न येणाऱ्या जागी दफन करणे हा मान्य मार्ग उपलब्ध आहे. मशिदीतच यासाठी एक पेटी ठेवावी.

पंपाच्या वेळा आणि पाळी ठरवून फळ्यावर लिहावी. जानेवारीत पाणी मोजावे आणि त्याप्रमाणे पुढचे ठरवावे. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने, पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने, हेच केले. पाऊस आणि विहिरी मोजून ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडायचा, पिण्याचे पाणी आधी बाजूला ठेवायचे आणि उरलेल्यावर पीक ठरवायचे. आपल्याकडे वायंगणी भात घ्यायचा की नाही, हेही असेच ठरू शकते.

पैशाची वही एकच असावी आणि ती कोणालाही पाहता यावी. मुंबईकर आणि आखाती देशांतली मंडळी मशिदीच्या रंगकामाला सढळ हाताने देतात. तळ्याच्या गाळालाही त्यांनी द्यावे आणि सुटीत येतील तेव्हा एक दिवस फावडे धरावे. नियम मोडणाऱ्याला पहिल्या वेळी घरी जाऊन समजवावे, दुसऱ्या वेळी सभेत नाव घ्यावे, तिसऱ्या वेळी दंड. पहिल्याच दिवशी दंडाची भाषा केली की माणूस वाडीशी बोलणे सोडतो.

आणि समितीत बायका हव्यात, सहीपुरत्या नकोत. पाणी किती उतरले, कोणती पायरी निसटली, कुठल्या कोपऱ्याला वास येतो, हे त्यांना आधी कळते. सभा मगरिबनंतर ठेवली तर चुलीशी असलेली बाई येणार नाही. दुपारी तीनला ठेवावी आणि शाळेच्या वर्गात ठेवावी, म्हणजे हिंदू, मुसलमान, बौद्ध, ख्रिस्ती कोणालाही उंबरठा आड येणार नाही.

पाण्याला वाडी कळत नाही. वरच्या वाडीतले सांडपाणी खालच्या वाडीच्या बावेत उतरते आणि खालच्या वाडीचा पंप वरच्या वाडीचे झरे ओढतो. म्हणून तळ्याची समिती जमातीपुरती किंवा भावकीपुरती करून चालत नाही. धामापूरच्या बांधावर माती टाकणाऱ्यांची नावे आज कोणाला ठाऊक नाहीत. त्यांनी ठरवलेले पाणी मात्र अजून तिथे आहे. यंदा पाऊस सुरू होण्यापूर्वी आपल्या वाडीतल्या तळ्याचा सातबारा काढावा, सांडवा साफ करावा आणि पहिली सभा बोलवावी. तीन कामे आहेत, आणि मे महिन्यात तिन्ही पुरी होऊ शकतात.